प्रश्न पडण्याचा हक्क

हातावर पोट असलेल्यांच्या मुलांना काय शिकवावे, या प्रश्नाचे एक उत्तर हल्ली जवळजवळ एकमताने दिले जाते: चार पैसे हाती येतील असे काहीतरी. हाताला काम देणारे कौशल्य आधी शिकवा. तारे, जीवाश्म, मूळ संख्या, हजार वर्षांपूर्वीचे शिलालेख हे सगळे नंतर बघता येईल. हे उत्तर देणारी माणसे दुष्ट नसतात, बहुतेकांच्या मनात कळवळाच असतो. तरीही मला ते उत्तर घातक वाटते. ते का, हे नीट मांडायचे तर माणसाच्या जाणून घेण्याच्या इच्छेपासूनच सुरुवात करायला हवी, कारण या उत्तराच्या तळाशी त्या इच्छेविषयीची एक ठाम समजूत आहे. ज्ञानाची ओढ भरल्या पोटी लागते, अशी ती समजूत.

या समजुतीला मोठ्या नावांचा आधार आहे. सर्व माणसांना स्वभावतःच जाणून घेण्याची इच्छा असते, या वाक्याने ॲरिस्टॉटलच्या 'मेटाफिजिक्स'ची सुरुवात होते. पुरावा म्हणून तो आपल्या पाहण्याच्या आवडीकडे बोट दाखवतो. काही करायचे नसले, कशाचा उपयोग नसला, तरी माणसाला नुसते पाहायला आवडते. त्यात राजा आणि रंक असा भेद त्याने केलेला नाही. पण थोडे पुढे गेले की तोच सांगतो, गरजा भागवणाऱ्या विद्या आधी सापडल्या आणि कशाच्याही कामी न येणाऱ्या विद्या नंतर, जिथे लोकांना सवड होती तिथे. गणित इजिप्तमध्ये उपजले, कारण तिथल्या पुरोहितवर्गाला फुरसत होती, असे त्याचे म्हणणे. 'पॉलिटिक्स'मध्ये तर काही माणसे स्वभावतःच गुलाम असतात, इथपर्यंत तो जातो. इच्छा सर्वांची, सवड थोड्यांची, आणि त्या थोड्यांची सवड बाकीच्यांच्या श्रमांवर उभी. तेवीसशे वर्षांत त्याच्या भौतिकशास्त्रातले जवळजवळ काहीच टिकले नाही, पण ही वाटणी टिकली. आज ती कळवळ्याच्या भाषेत बोलते, एवढाच फरक.

सवड मिळाल्याशिवाय जिज्ञासा जागी होत नाही, हे मात्र खरे नाही. 1865 साली, तेव्हा स्पेनची वसाहत असलेल्या क्यूबात, हवानामधल्या सिगार कारखान्यांत एक पद्धत सुरू झाली. कामगार रांगेने बसून तंबाखूची पाने वळत आणि त्यांच्यापुढे उंच आसनावर बसलेला एकजण मोठ्याने वाचून दाखवी: वर्तमानपत्रे, कादंबऱ्या, राजकारणावरचे आणि इतिहासावरचे लेखन. त्या वाचकाचा पगार मालक देत नसे. कामगार आपल्या मजुरीतून देत. त्यांतल्या अनेकांना स्वतःला वाचता येत नव्हते. हात गुंतलेले, डोळे गुंतलेले, रिकामे होते ते फक्त कान, आणि त्या कानांसाठी त्यांनी पदरमोड केली. पुढच्याच वर्षी वसाहतीच्या सरकारने या वाचनावर बंदी घातली. कामगारांचे लक्ष विचलित होते, हे कारण सांगितले गेले. ही प्रथा नंतर पुन्हा उभी राहिली आणि क्यूबात ती आजही आहे. दक्षिण वेल्समधल्या कोळसा खाणींत राबणाऱ्यांचीही हीच गोष्ट. त्यांनी मजुरीतून वर्गणी कापून देऊन गावोगावी ग्रंथालये उभारली. दिवसभर जमिनीखाली काळोखात काम करून वर आलेला माणूस तिथे जाऊन तत्त्वज्ञान आणि अर्थशास्त्र वाचत बसे. या माणसांकडे पैसा नव्हता, सवडही नव्हती. ॲरिस्टॉटलचे पहिले वाक्य त्यांनी खरे केले आणि पुढचे खोटे पाडले.

मग सर्वांकडे असलेली ही इच्छा काही जणांत भडकते आणि काही जणांत विझून गेल्यासारखी का दिसते? इथे प्लेटोच्या 'मेनो' या संवादातला एक जुना पेच उपयोगी पडतो. मेनो सॉक्रेटिसला विचारतो, जे आपल्याला मुळीच ठाऊक नाही ते शोधायचे तरी कसे? समोर आले तरी ओळखणार कसे? सॉक्रेटिस त्यावर आत्म्याच्या पूर्वस्मृतीची कल्पना मांडतो. ती आज कोणी स्वीकारो न स्वीकारो, पण पेचातून निघणारे मर्म पक्के आहे: शोध घ्यायचा तर थोडे आधी ठाऊक असावे लागते. पूर्ण अज्ञानात प्रश्नच पडत नाही. मानसशास्त्रातही याला दुजोरा मिळतो. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न देऊन उत्तराविषयी किती उत्सुकता वाटते, हे मोजले गेले. ज्यांना उत्तराचा अजिबात अंदाज नव्हता त्यांची उत्सुकता कमी होती, ज्यांना पक्के माहीत होते त्यांचीही कमी होती. अर्धेमुर्धे ठाऊक असलेल्यांची सर्वांत जास्त होती.

याचा अर्थ असा की जिज्ञासा पोटाच्या भुकेच्या बरोबर उलटी चालते. भूक अन्न न मिळाल्याने वाढते. जिज्ञासा खायला मिळाले की वाढते, आणि उपाशी ठेवली की मरते. ज्याला मूळ संख्या म्हणजे काय हे सांगितलेच नाही, त्याला त्या संपतात की नाही हा प्रश्न कुठून पडणार? एखाद्या मुलापासून ज्ञान दूर ठेवले की त्याची उत्तरे जातात हे आपल्याला दिसते. त्याचे प्रश्नही जातात, हे दिसत नाही. आणि मग आपणच म्हणतो, या मुलांना असल्या गोष्टींत रसच नसतो. उपाशी ठेवून मग भूक नाही असा शेरा मारण्याइतके हे निर्दय आहे.

मायकेल फॅरडेचे उदाहरण इथे आठवते, पण ते ज्या कारणासाठी नेहमी सांगितले जाते त्यासाठी नव्हे. लोहाराचा हा मुलगा चौदाव्या वर्षी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारीला लागला. त्याला मिळालेले कौशल्यशिक्षण चोख होते: पाने शिवायची, पुठ्ठा घालायचा, कातडे चढवायचे. पानांवर काय छापले आहे, हे त्या शिक्षणात नव्हते. बांधणीला आलेल्या विश्वकोशातली विजेवरची नोंद त्याने वाचली, हा कामाबाहेरचा उद्योग होता. 1831 साली त्याने विद्युतचुंबकीय प्रवर्तन दाखवून दिले, आणि आज जगातली बहुतेक वीज ज्या यंत्रांतून निर्माण होते ती त्याच तत्त्वावर चालतात. हे सांगून झाले की लगेच कोणीतरी म्हणते, बघा, जिद्द असेल तर माणूस कुठूनही पुढे येतो. मला या वाक्याचा मनापासून राग येतो. फॅरडे सुतारकाम शिकायला गेला असता तर ते पान त्याच्यासमोर कधीच आले नसते. ज्यांच्या हाती ते पान पडले नाही अशांची मोजदाद कोणी ठेवलेली नाही, आणि जिद्दीच्या गोष्टी त्यांच्याविषयी गप्प असतात.

आता तर सगळी माहिती सगळ्यांच्या हातात आहे, असे कोणी म्हणेल. आहे. पण विचारल्यावर मिळणारे उत्तर विचारणाऱ्याच्याच कामाचे. हातातल्या यंत्राला चांगला प्रश्न तोच विचारतो ज्याला आपल्या अज्ञानाची कड दिसते, आणि ती कड दिसणे फार कठीण असते. 2002 साली लिओनिड रोझेनब्लिट आणि फ्रँक कील या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारले, कपड्यांची चेन (झिप), कुलूप, शिवणयंत्र या वस्तू कशा चालतात हे तुम्हाला किती कळते? लोकांनी स्वतःला बरे गुण दिले. मग एकेक पायरी लिहून समजावायला सांगितले, तेव्हा त्यांनी आपलेच गुण खाली आणले. कोणी तसे लिहायला सांगितलेच नसते तर ते आयुष्यभर समाधानात राहिले असते. शाळेचे खरे काम माझ्या मते हे आहे: आपल्याला कळले आहे असे वाटते तिथे आपल्याला थांबवणे. यंत्र ते आपणहून क्वचितच करते.

प्रश्नांची ही ताकद सत्तेला नेहमीच नीट कळत आली आहे, आणि ज्ञानाच्या बाजूने बोलणाऱ्यांपेक्षा जास्त कळली आहे. दक्षिण कॅरोलायनामध्ये 1740 च्या कायद्याने गुलामांना लिहायला शिकवणे हा गुन्हा ठरवला. त्यानंतर जवळजवळ शतकभराने गुलामगिरीतल्या फ्रेडरिक डग्लस या मुलाला बाल्टिमोरमध्ये मालकीणबाईंनी मुळाक्षरे शिकवायला घेतली. मालकाला कळताच त्याने ते बंद पाडले, आणि कारणही सांगितले: वाचायला शिकला तर हा गुलाम म्हणून कायमचा निकामी होईल. गुलामगिरीतून निसटल्यावर डग्लसने 1845 साली प्रसिद्ध केलेल्या आत्मकथनात लिहिले आहे की गुलामगिरीतून बाहेर पडण्याची वाट त्याला त्या क्षणी कळली. पुढची हकिकत तर आधी भाकरी की आधी ज्ञान, या वादात पडणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. त्या घरात डग्लसला पाव हवा तेवढा मिळे. तो पाव खिशात घालून तो बाहेर पडे, रस्त्यावरच्या गरीब, भुकेल्या गोऱ्या पोरांना देई, आणि बदल्यात त्यांच्याकडून अक्षरे शिके. मालकाला गुलामाचे भरलेले पोट चालत होते. त्याचे वाचन चालत नव्हते. मग दोहोंतली कोणती गोष्ट माणसाला मोकळे करते, याचा निर्वाळा मालकानेच दिला नाही का?

आपल्या भाषेतही असा एक दस्तऐवज आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता या मांग समाजातल्या मुलीचा निबंध 1855 साली 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आला. तेव्हा ती जेमतेम चौदा वर्षांची होती आणि शाळेत येऊन तिला फार काळ झाला नव्हता. तिने काय विचारले? वेद जर ठरावीक लोकांचेच असतील, तर आम्ही धर्मपुस्तकावाचूनचे लोक झालो. मग आमचा धर्म कोणता, ते देवाने सांगावे. पिढ्यानपिढ्या विद्वानांच्या सभांमध्ये वेदांवर वाद झाले, पण हा प्रश्न तिथे कोणी विचारला नव्हता, कारण तिथे बसलेल्यांना तो पडण्याचे कारणच नव्हते. नवा माणूस ज्ञानाच्या दारात येतो तेव्हा आधीची उत्तरे वाटून घ्यायला एक वाटेकरी वाढतो, असे आपण धरून चालतो. पण तो येताना असे प्रश्न घेऊन येतो, जे आत बसलेल्यांना कितीही हुशार असले तरी सुचले नसते. मुक्तेला शिवणकाम तेवढे शिकवले असते तर कदाचित तिचे पोट भरले असते. मराठी समाज मात्र एका प्रश्नाला मुकला असता.

इथे एक आक्षेप गंभीरपणे घ्यायला हवा. जाणण्याची इच्छा नेहमी निर्मळ असते का? संत ऑगस्टिनने तिला डोळ्यांची वासना म्हटले होते, आणि छिन्नविच्छिन्न प्रेत पाहायला जमणाऱ्या गर्दीचा दाखला दिला होता. त्याच्या शंकेत तथ्य आहे. अलाबामा राज्यातल्या टस्कीगी इथे अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेने 1932 पासून 1972 पर्यंत एक अभ्यास चालवला. सुमारे 600 कृष्णवर्णीय पुरुष त्यात घेतले होते, त्यांपैकी 399 जणांना सिफिलिस होता. उपचार न केल्यास हा रोग शरीरात कसा वाढतो, हे संशोधकांना जाणून घ्यायचे होते. 1947 च्या सुमारास पेनिसिलिन हा या रोगावरचा सर्वमान्य उपचार झाला, तरी या लोकांना ते दिले गेले नाही. वर्तमानपत्राने प्रकरण उघडकीस आणले तेव्हा कुठे अभ्यास थांबला.

जिज्ञासेला लगाम हवा, असा निष्कर्ष यातून बहुतेक जण काढतात. मला टस्कीगीत आणखी काही दिसते. त्या पुरुषांनाही एक प्रश्न होता: मला काय झाले आहे? त्यांना सांगण्यात आले, तुमचे रक्त खराब आहे. एका बाजूला पदव्या, प्रयोगशाळा आणि सरकारी पैसा असलेल्यांची जिज्ञासा, जिच्यासाठी चाळीस वर्षे काढता आली. दुसऱ्या बाजूला शेतमजुरांची स्वतःच्या देहाविषयीची जिज्ञासा, जी एका खोट्या वाक्यात मिटवून टाकली. हा अनर्थ जिज्ञासा फार झाल्यामुळे घडला असे मला म्हणता येत नाही. तिची वाटणी विषम होती म्हणून तो घडला. प्रश्न विचारणारे एका बाजूला आणि ज्यांच्याविषयी प्रश्न विचारले जातात ते कायमचे दुसऱ्या बाजूला, अशी रचना जिथे असेल तिथे ज्ञान क्रूर होणारच. संशोधनात सहभागी होणाऱ्याची माहितीपूर्ण संमती घेण्याचे जे नियम नंतर कडक झाले, त्यांचा गाभाही हाच आहे की ज्याच्यावर प्रयोग होतो त्यालाही जाणून घ्यायचा हक्क आहे. लगाम मार्गाला असावा. कोणाचे शरीर, कोणाचे जगणे पणाला लावून उत्तर मिळवायचे नाही, हे पक्के करावे. पण प्रश्नाला लगाम घालायला निघालो की तो नेमका दुबळ्याच्याच प्रश्नाला पडतो. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी एकामागून एक विचारत जाते तेव्हा याज्ञवल्क्य तिला बजावतो, फार विचारू नकोस, तुझे मस्तक गळून पडेल. ती गप्प बसते. पण थोड्या वेळाने त्याच सभेत ती पुन्हा उभी राहते आणि आणखी दोन प्रश्न टाकते, हे सांगायला आपण विसरतो.

विज्ञानाचे कैवारी या वादात एक वेगळाच बचाव मांडतात, आणि माझ्या मते तिथे त्यांची चूक होते. ते म्हणतात, निरुपयोगी वाटणारे ज्ञानही पुढे उपयोगी पडते. दाखले खरे असतात. 1960 च्या दशकात थॉमस ब्रॉक हा सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ अमेरिकेतल्या यलोस्टोनच्या उष्ण झऱ्यांतल्या जिवाणूंचा अभ्यास करत होता, ते जिवाणू इतक्या गरम पाण्यात जगतात कसे या कुतूहलापोटी. त्यांतल्या एका जिवाणूचे उष्णतेत न बिघडणारे विकर (एन्झाइम) पुढे पीसीआर चाचणीचा कणा बनले, आणि आज अनेक रोगांचे निदान त्यावर अवलंबून आहे. छान. पण ज्या शेकडो प्रश्नांतून काहीच निघाले नाही त्यांचे काय? ते विचारायला नको होते? उपयोगाचा तराजू एकदा मान्य केला की मग लवकर आणि जास्त उपयोग कशाचा, हे विचारणाऱ्याला उत्तर उरत नाही. आणि गरिबाच्या मुलाला तर लवकर आणि जास्त उपयोगाचेच देणार! 1969 साली भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट विल्सन यांनी याहून सरळ उत्तर दिले होते. कणत्वरकासाठी, म्हणजे अणूतल्या कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रासाठी, पैसा मागायला ते अमेरिकी संसदेच्या समितीपुढे उभे होते. सिनेटर पास्टोर यांनी विचारले, याचा देशाच्या संरक्षणाशी काही संबंध आहे का? विल्सन म्हणाले, थेट संबंध काही नाही. देश रक्षण करण्याजोगा होण्याशी मात्र आहे. चित्रे, शिल्पे, कविता यांच्या ओळीत त्यांनी आपले यंत्र नेऊन बसवले. पैसे मागायला गेलेला माणूस खोटे आमिष दाखवत नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

पालकच कौशल्य मागतात, मग तुम्ही कोण? हा प्रश्न मला विचारला जातो आणि तो रास्त आहे. ज्या घरात उद्याची चिंता आहे तिथे बाप मुलाच्या रोजगाराचाच विचार करणार. त्याला दोष देण्याचा अधिकार मला नाही. पण त्याच्यापुढे पर्याय कोणते ठेवले? कौशल्य किंवा काहीच नाही. सुस्थितीतल्या घरांपुढे असा पर्याय कोणी ठेवत नाही. तिथे मुलगा डॉक्टर होणार हे ठरलेले असले तरी त्याला दुर्बीण मिळते, सहलीत जीवाश्म दाखवले जातात, आणि त्याच्या 'का'ला उत्तर द्यायला कोणीतरी बसते.

कौशल्याशी माझे वैर नाही. उलट, कौशल्याच्या पोटात किती ज्ञान दडलेले असते हे न पाहता आपण ते शिकवतो, याचे मला वाईट वाटते. जोडारीचे (फिटरचे) काम शिकणारा मुलगा घ्या. लोखंड तापू लागले की आधी गडद लाल होते, मग केशरी, मग पिवळे, शेवटी पांढरे. कोणत्या रंगाला काय करायचे, हे त्याला शिकवले जाते, आणि तो ते अचूक शिकतो. पण तापलेली वस्तू लोखंडाची असो, मातीची असो की कोळशाची, जवळपास त्याच तापमानाला तीच लाली का धरते? रंग तापमानावर ठरतो, पदार्थावर का नाही? 1860 च्या सुमारास गुस्टाव्ह किरखॉफने हा प्रश्न नेटका करून भौतिकशास्त्रापुढे ठेवला. चाळीस वर्षे भल्याभल्यांना तो सुटला नाही. तेव्हाच्या सिद्धान्तांनी केलेले हिशेब प्रयोगांशी जुळेनात. 1900 साली मॅक्स प्लांकने ऊर्जा अखंड वाहत नाही, ती ठरावीक पुड्यांनीच दिली-घेतली जाते, असे धरून गणित केले आणि ते जुळले. ते त्याला स्वतःलाही फारसे रुचले नव्हते. पुंजभौतिकी तिथून सुरू झाली, आणि फोनपासून लेझरपर्यंतचे आजचे जग तिच्यावर उभे आहे.

हा सगळा इतिहास त्या मुलाच्या डोळ्यांपुढे रोज पेटलेला असतो. त्याला तो गणितासकट समजावायची गरज नाही. हा रंग असा का असावा, हे कोणालाच कळत नव्हते, आणि हे कोडे तू जे रोज पाहतोस त्यातूनच उठले, एवढे सांगितले तरी त्याच्या अज्ञानाला एक कड मिळते आणि त्या कडेवर उभे राहून पुढचे विचारता येते. त्यातला एखादाच पुढे काही शोधेल, बहुतेक जण उत्तम जोडारीच करतील, आणि ती करताना आपण काय पाहतो आहोत हे त्यांना ठाऊक असेल. एवढे सांगायला अर्धा तास पुरतो. त्याच्या अभ्यासक्रमात तो अर्धा तास नसतो. वेळ कमी पडतो हे कारण मला पटत नाही, कारण त्याच वयाच्या दुसऱ्या मुलांच्या वेळापत्रकात तो असतो.